ताणा सारखा तुटतोय? आधी बघा, तुटला की सुटला

हातानं कातलेल्या लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायचा, चार बोटं विणकाम व्हायचं आणि मग धोट्याच्या दर दोन-तीन फेऱ्यांमागे एक धागा जायचा. जोडायचा, पुढे सरकायचं, शेजारचा जायचा. हे माझं एकदा नाही, ओळीनं तीनदा झालं. काम तसं फार मोठं नव्हतं. काळ्या दख्खनी लोकरीचं, घोंगडीच्या साध्या विणीचं आसन, २ फूट रुंद आणि ३ फूट लांब, ताण्याला १२० धागे. पहिल्या दिवशी संध्याकाळी गाठी मोजल्या तर ३१.

पहिल्यांदा वाटलं पीळ कमी पडला. सगळं सूत जास्त पिळाचं कातलं, पुन्हा ताणा केला, तो आधीपेक्षा लवकर तुटला. मग वाटलं खळ, म्हणजे धाग्याला लावायची कांजी, कमी पडली. घट्ट खळ दिली, तर फणीजवळ (धागे ओवायची दातेरी चौकट) धागे करकर वाजून तुटायला लागले. तिसऱ्या वेळी मी तो अर्धवट ताणा तसाच गुंडाळला आणि सांगोल्याकडच्या एका सनगर मामांकडे घेऊन गेले. हयात घोंगड्या विणण्यात गेलेला माणूस. त्यांनी माग कसा लावलास वगैरे काही विचारलं नाही. दोन तुटकी टोकं ओढून काढली, दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, ह्ये तुटल्यालं न्हाई, ह्ये सुटलंय. आन् ह्ये दुसरं तुटलंय. दोन्हीला येकच औषिद कसं चालंल?"

तेव्हापासून धागा गेला की गाठ मारण्याआधी मी टोक बघते. तुम्हीही तेवढं एक करा. पहिली दहा टोकं फेकू नका, पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीनं लावून ठेवा. लोकर काळी असेल तर पांढऱ्या कागदावर सगळं दिसतं.

टोक साधारण तीन प्रकारचं निघतं. एक निमुळतं, उंदराच्या शेपटीसारखं बारीक होत गेलेलं, तंतू सरळ आणि अखंड. हा धागा तुटलेला नाही. तंतू एकमेकांवरून घसरले आणि धागा उसवला, म्हणजे सुटला. दुसरं टोक आखूड, जवळपास सपाट, सगळे तंतू एकाच जागी गेलेले. हा खरा तुटलेला. तिसरं टोक फुगलेलं असतं, भोवती पिंजल्यासारखा केस आणि मागेपुढे दोन-तीन इंच धागा झिजलेला. हा घासला गेलेला. तिन्हींची कारणं वेगळी असतात, आणि ती बहुतेक वेळा मागावर नसतात. काही तर मेंढीच्या पाठीवरच असतात.

सुटलेलं टोक

नवख्यांच्या ताण्यात बहुतेक धागे या प्रकारचे असतात. माझेही होते.

या लोकरीचे तंतू दोन-तीन इंचांचे. त्यांचा सलग धागा होतो तो फक्त पिळामुळे. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो आणि घसरू देत नाही. त्यामुळे पीळ कमी पडला तर धागा सुटणारच. पण 'पीळ कमी' असं पूर्ण सूताबद्दल म्हणता येत नाही. पीळ धाग्यात सगळीकडे सारखा बसत नाही. तो बारीक जागी धावतो, कारण बारीक जागा पिळायला सोपी. जाड जागा पिळाला विरोध करते. म्हणजे कातताना जिथं जाडसर गोळा राहिला तिथं पीळ जवळजवळ नसतो, आणि शेजारच्या बारीक जागेत तो कोंबून भरलेला असतो. ताण आला की बारीक जागा टिकते आणि जाड जागा उसवते. मी आधी हे उलटं समजत होते. बारीक जागा बघून घाबरायचे आणि जाड गोळ्यांकडे 'बरं, हे तरी मजबूत आहे' म्हणून दुर्लक्ष करायचे.

आता लक्षात येईल की नुसता पीळ वाढवून माझा दुसरा ताणा का बिघडला. वाढवलेला सगळा पीळ बारीक जागांत गेला, त्या कडक आणि ठिसूळ झाल्या. जाड जागा तशाच सैल राहिल्या. म्हणजे आधी फक्त सुटत होतं, आता तुटायलाही लागलं.

यावर उपाय कातताना नाही, पिंजताना आहे. पेळूत, म्हणजे पिंजून वळलेल्या लोकरीत, गाठी असतील तर धाग्यात गोळे येणारच, हात कितीही सराईत असो. पिंजण्याआधी लोकर बोटांनी मोकळी करायची. मी निम्मा वेळ यातच घालवते. एकेक बट घ्या, बोटांनी उघडा, जाळीसारखी आरपार दिसली पाहिजे. यातच कुसळं, गोखरू, वाळलेली लेंडी खाली पडते. दख्खनी मेंढरं माळावर आणि काटेरी झुडपांत हिंडतात, कुसळांशिवाय लोकर मिळेल ही आशा सोडा. पिंजून कुसळ निघत नाही, त्याचे चार तुकडे होतात, आणि ते चारही तुमच्या धाग्यात जातात.

मोकळी झालेली लोकर मग पिंजायची. जुन्या पद्धतीत कमानीच्या तातीवर लोकर उडवतात. तातीचा ठोका बसला की तंतू सुटे होऊन हवेत फुलतात आणि आखूड तुकडे, माती खाली झडते. हे बघायला सोपं वाटतं आणि हाताला महिनाभर जमत नाही. घरी तारेच्या दातांच्या दोन फळ्या, म्हणजे हँड कार्डर, बऱ्या. त्यात एकच चूक सगळे करतात, फळीवर जास्त लोकर लादतात. दातांमधून तळाचं कापड अंधूक दिसेल एवढीच लोकर घ्या. चार-पाच वेळा फिरवा आणि थांबा. जास्त घासत राहिलात तर आखूड तंतू गुंतून खसखशीएवढ्या गाठी होतात, आणि त्या पुन्हा सुटत नाहीत.

पिंजूनही गोळे येत असतील तर लोकरीतच आखूड तुकडे आहेत. मेंढी कातरताना कातर एकदा वर चालली आणि राहिलेला थर साफ करायला पुन्हा चालवली की दुसऱ्या वेळी अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे पडतात. हे तुकडे कशालाच धरून राहत नाहीत. लोकर चाळणीवर किंवा बाजेवर पसरून झटका, तुकडे खाली पडतील. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. तुकड्यांचं काय करायचं असं कुणी विचारलं की मी तिकडे पाठवून देते. ताण्यात ते नकोतच. बाण्यातही (आडव्या धाग्यातही) नकोत, फार तर उशीत भरा.

शिवाय दख्खनी लोकरीत मुळात दोन प्रकारचे केस मिसळलेले असतात. खालचा मऊ थर, आणि त्यातून वर आलेले जाड, राठ, आतून पोकळ केस. राठ केसांना पीळ धरत नाही. धागा कातला की ते बाहेर डोकावतात आणि अंगाला टोचतात. दख्खनी ही पठारावरची, दुष्काळ सोसणारी जात. तिची लोकर गालिचाच्या प्रतीची, भरड. त्यात गेल्या काही दशकांत मटणाला भाव आला आणि कळपांत लोकर कमी, मांस जास्त अशा जातींचे नर मिसळले गेले, त्यामुळे राठ केस वाढले. हे धनगर स्वतःच सांगतात. आपण करू शकतो ते एवढंच, की लोकर निवडायची. खांदा आणि बरगडीवरची लोकर ताण्याला, मांडीची आणि शेपटीकडची बाण्याला. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, सगळ्यांत मऊ. तिचा मोह होतो, पण नुसत्या जावळाचा ताणा करू नका. ती आखूडही असते. बाण्याला वापरा, आसन अंगाला गोड लागतं.

पीळ किती हवा, याचं गणित करून टाकू. धागा फूटपट्टीवर वेढे शेजारी शेजारी लावून गुंडाळा, दाबू नका, ओढू नका. एका इंचात १० वेढे बसले तर तो घोंगडीजोगा धागा. एवढ्या जाडीच्या एकेरी धाग्याला ताण्यासाठी इंचाला २ ते अडीच पीळ लागतो, बाण्याला दीड पुरतो. आता तुमच्या चरख्याची चात, म्हणजे सूत जिच्यावर गुंडाळतं ती सळई, मोजा. चातीला दोरा बांधा, चाक एकदाच पूर्ण फिरवा, चातीवर किती वेढे पडले ते मोजा. समजा ३० पडले. तुम्ही एका वेळी २ फूट, म्हणजे २४ इंच धागा ओढत असाल, तर चाकाचे २ फेरे म्हणजे ६० पीळ, इंचाला अडीच. ताण्याला बरोबर. एका फेऱ्यात गुंडाळलात तर इंचाला सव्वा, तो ताण्यात सुटणार. 'एक-दोन, मग गुंडाळा' असं मनात म्हणत काता, अंदाजावर सोडू नका. अंदाज दुपारी जेवणानंतर बदलतो.

आणि पेटी चरखा वापरणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं. १९३० च्या सुमारास गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना ज्याचा ध्यास घेतला तो हा घडीचा चरखा बारीक कापसाच्या सुतासाठी आहे. त्याची चात चाकाच्या एका फेऱ्यात ७०-८० किंवा त्याहूनही जास्त वेळा फिरते. २४ इंचांवर एक फेरा दिला तरी इंचाला ३ च्या आसपास किंवा त्याहून जास्त पीळ. जाड लोकरीला हा अतिरेक झाला. यावर लोकर कातून 'धागा वळतोय, कुरळा होतोय' म्हणणाऱ्यांचा दोष काही नाही, यंत्र वेगळ्या कामाचं आहे. पाऊण फेराच द्या किंवा जास्त लांब ओढा. नाहीतर साधी टकळी घ्या. मेंढरांमागं चालताना माणसं टकळीवरच कातत आली आहेत.

पीळ बरोबर आहे का हे ताबडतोब तपासायचं तर ताज्या कातलेल्या धाग्याची हातभर लांबी सैल सोडा, ती स्वतःवरच दुमडून वळेल. बाण्याच्या धाग्याची दुमड सैलसर, ताण्याच्या धाग्याची घट्ट दिसेल. हे फक्त ताज्या धाग्यावर करा. रात्रभर चातीवर राहिलेला धागा मेल्यासारखा पडतो आणि फसवतो. पीळ असतो, दिसत नाही. भिजवला की पुन्हा जागा होतो. पहिल्या चांगल्या धाग्याचा तुकडा एका पुठ्ठ्यावर लावून चरख्याशेजारी ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याच्याशी ताडून बघा.

एक छोटी गोष्ट, जिच्यापायी माझे दोन आठवडे गेले. निम्मं सूत चरख्यावर आणि निम्मं टकळीवर कातलं होतं. मांडीवर टकळी वर ढकलून फिरवली की एका दिशेचा पीळ बसतो, खाली ओढून फिरवली की उलट दिशेचा. माझ्या टकळीचा पीळ चरख्याच्या उलट होता. दोन्ही धागे आपापल्या जागी पक्के, पण जिथं जिथं मी ते गाठ न मारता नुसते पिळून जोडले, तिथं एकाचा पीळ दुसऱ्याचा पीळ सोडवत होता. सगळे जोड सुटले. धागा उभा धरून बघा, पिळाच्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे चढतात की उलट. सगळ्या लड्यांत एकच दिशा हवी. तसंच सूत चातीवरून उलगडताना चात फिरू द्या, बाजूनं काढा. टोकावरून ओढलंत तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ कमी किंवा जास्त होतो. बारीक चातीवर दर ३ इंचांना एक वेढा असतो, म्हणजे इंचामागे एक-तृतीयांश पीळ इकडचा तिकडे.

तुटलेलं टोक

सपाट टोक निघालं तर कातण्याला दोष देऊ नका. फाजील पीळ दिलेला नसेल तर तंतूच कच्चे आहेत.

एक बट घ्या, दोन्ही टोकं चिमटीत पक्की धरा, कानाजवळ नेऊन झटका द्या. चांगली लोकर तारेसारखी टण्ण वाजते. कच्ची लोकर चर्र करते आणि मधेच तुटते. दर वेळी त्याच अंतरावर तुटत असेल तर समजा की त्या काळात मेंढी उपाशी होती किंवा आजारी होती. लोकर रोज वाढते, आणि ज्या पंधरवड्यात चारा नाही त्या पंधरवड्याचा भाग बारीक आणि कमजोर राहतो. दुष्काळी उन्हाळा काढलेल्या कळपाची लोकर म्हणूनच नीट बघून घ्यावी. दख्खनी मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. उन्हाळ्यात वाढलेली आणि पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर वाढलेली लोकर एकाच कळपाची असूनही हाताला वेगळी लागते. कच्ची निघालेली लोकर टाकू नका. ती बाण्याला चालते, कारण बाण्यावर ताण नसतो. फक्त ताण्यात मिसळू नका.

दुसरं कारण आपण स्वतः घडवतो, धुताना. माझ्या दुसऱ्या ताण्यात जास्तीच्या पिळाबरोबर हेही झालं होतं. लोकर चिकट वाटली म्हणून मी धुण्याच्या सोड्यात उकळली. लोकर म्हणजे केस, आपल्या केसांसारखीच प्रथिनं. खार तिला खातो, आणि गरम खार जास्त खातो. धुतल्यावर ती पिवळसर, रुक्ष, चुरचुरीत झाली, आणि मी 'वा, किती स्वच्छ' म्हणाले. रिठ्याचं पाणी पुरतं. अर्धा किलो लोकरीला दोन मुठी रिठे रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. पाणी हाताला चांगलं गरम लागेल पण हात काढावासा वाटणार नाही, एवढं. लोकरीतली चरबी ४० अंशांच्या आसपास विरघळते, त्यामुळे थंड पाण्यात ती निघत नाही. लोकर पाण्यात दाबा, चोळू नका, ढवळू नका. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर, होतो, मग तो कातता येत नाही. विसेक मिनिटांनी, पाणी गरम असतानाच लोकर बाहेर काढा. पाणी थंड होईपर्यंत विसरलात तर विरघळलेली चरबी पुन्हा लोकरीवरच बसते, आणि मग 'तीनदा धुतली तरी चिकट' अशी तक्रार राहते. पुढचं साधं पाणीही तेवढंच गरम घ्या. दख्खनी लोकरीत चरबी मुळात कमी. त्यात बरेच जण कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुतात. एक धुणं खूप झालं.

उलट, सगळी चरबी काढलेली लोकर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पिंजायला बसलात तर ती उडते, फळीला, हाताला, साडीला चिकटते. वीज साचते तिच्यात. आदल्या रात्री लोकरीवर पाण्याचा हलका फवारा मारून ती सुती कापडात गुंडाळून ठेवा. पाण्यात खोबरेल तेलाचे चार-सहा थेंब घालून हलवलं तर आणखी छान, फक्त थंडीच्या दिवसांत ते थिजतं म्हणून पाणी कोमट घ्या. घरात आहे म्हणून करडईचं किंवा जवसाचं तेल लावू नका. ती तेलं हवेत सुकून रोगणासारखी चिकट होतात. दोन महिने ठेवलेली माझी एक पिशवी अशीच पिवळी पडली आणि दातांच्या फळीला गोंदासारखी बसली.

घासलेलं टोक

केस फुगलेलं टोक असेल तर आता मात्र मागाकडे बघा. १० वेढ्यांचा धागा म्हणजे जाडी इंचाचा दहावा भाग. साध्या विणीत दोन ताण्याच्या धाग्यांमधून बाण्याला जायला जागा लागते, म्हणून इंचात त्याच्या निम्मे, म्हणजे ५ धागे. बाजारात मिळणाऱ्या लहान मागांची फणी बहुधा इंचाला १० घरांची असते. तिच्या प्रत्येक घरात लोकरीचा धागा भरलात तर तो घरात जेमतेम मावतो आणि दर ठोक्याला दोन्ही बाजूंनी खरवडला जातो. एक घर सोडून एक भरा. तेवढ्यानं भागत नसेल, धागा गोळ्यांवर अडत असेल, तर रुंद घरांची फणी घ्या. शेजारच्या धाग्यांचे केस एकमेकांत गुंतून पेळ (धोटा जायची ताण्यातली फट) उघडत नसेल तरी कारण हेच, दाटी.

केस बसवायचं काम खळ करते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, साल काढून, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि पाण्यात शिजवून पातळ कांजीसारखं करायचं. ताणा लांब ताणून कुंच्यानं एकाच दिशेनं लावायची. खळ धाग्याच्या आत मुरायला नको, अंगावरचा केस चपटा बसला की झालं. मी घट्ट दिली होती. सुकल्यावर धागा काडीसारखा झाला, वाकला की खळ तडकायची आणि तिच्या कडा शेजारच्या धाग्याला कापायच्या. ती करकर त्याचीच होती. बोटातून धागा ओढल्यावर पापुद्रे पडत असतील तर खळ जास्त आहे, ओल्या फडक्यानं पुसून काढा.

खळीच्या वेळी आणखी एक नजरेत न येणारी चूक होते. ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर असते आणि जास्त ताणली जाते. खळ ओली असताना ताणा तंबोऱ्याच्या तारेसारखा ओढून सुकवला, तर धागा त्या ताणलेल्या लांबीतच सुकतो. त्याच्यात लवचीकपणा उरत नाही. पुढे मागावर पेळ उघडताना त्याला थोडं लांबायचं असतं आणि लांबायला काही शिल्लक नसतं, मग टोक सपाट तुटतं आणि आपण मेंढीला नावं ठेवतो. झोळ पडणार नाही इतपतच ताण द्या. लडी भिजवून पीळ बसवतानाही हेच. खाली वरवंटा बांधू नका, लडी सरळ लोंबेल एवढं हलकं वजन पुरे.

ताणा चढवण्याआधी मी आता प्रत्येक लडीतला हातभर तुकडा खिळ्याला बांधून त्याला अर्ध्या किलोचं वजन लावते आणि चहा करायला जाते. परत आल्यावर वजन हळूहळू खाली येऊन धागा उसवला असेल तर सुटण्याचा आजार आहे, लडी पुन्हा चातीवरून पीळ देऊन काढता येते. तडकन गेला असेल तर ती लडी बाण्याला.

मागावर धागा गेलाच तर तुटक्या टोकाला टोक बांधू नका, लांबी पुरत नाही आणि तो एकच धागा कायम ताठ राहून पुन्हा तुटतो. त्याच सुताचा वीतभर नवा तुकडा मागच्या टोकाला बांधा, धागा वरखाली करणाऱ्या फासातून, फणीतून पुढं आणा आणि विणलेल्या भागात टाचणी टोचून तिच्यावर आठाच्या आकड्यात गुंडाळा. कडेचे दोन-दोन धागे सारखे जात असतील तर वरच्या सगळ्या चौकशा सोडा. बाणा तुम्ही ओढून घेताय, विणकाम आत येतंय आणि कडेचे धागे फणीत तिरके घासतायत. बाणा तिरका, सैल टाकून मग ठोका.

मामांकडून निघताना मी विचारलं होतं, या तीन प्रकारांपलीकडे काही असतं का. असतं म्हणाले. सात-आठ धागे एकाच जागी, शेजारी शेजारी, कात्रीनं कापल्यासारखे, आणि तेही सकाळीच दिसतात. चिंचोक्याची खळ उंदरांना फार आवडते. खळ दिलेला ताणा रात्री आढ्याला टांगून ठेवायचा.